चित्रपटशाळेची निवड

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात जालना येथे दिलेले भाषण)



आजच्या प्रसंगी दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा कोणता विषय घ्यावा हा प्रश्न मला पडला नाही. गेले तीन महिने आपल्या शिक्षण-निधी समितीपुढे एक अर्ज पडून आहे. अंबड तालुक्यातील मोसंबीच्या एका बागाइतदाराची कन्या पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाली आहे व तिला चित्रपटातील ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घ्यावयाचे आहे. त्यासाठी तिने मंडळाकडे कर्जाऊ शिष्यवृत्ती मागितली आहे. समितीत दोन तट पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की, निधी हा डॉक्टर, इंजिनिअर, वकील घडविण्यासाठी आहे, तमाशा-सिनेमासाठी नव्हे. दुसरा पक्ष म्हणतो, मुलगी हुशार आहे, काळ बदलला आहे, देऊन टाका. मला हे दोन्ही पक्ष चूक वाटतात, आणि का वाटतात ते सांगण्याचा अधिकार मला एका चुकीने दिला आहे.

ती चूक माझी आहे. सात वर्षांपूर्वी असाच एक अर्ज आला होता. मुलगा चुणचुणीत होता. एका मोठ्या शहरातील खासगी चित्रपटवर्गाची रंगीत पुस्तिका त्याने आणली होती. मी निवृत्त शिक्षक, म्हणून चौकशीचे काम माझ्याकडे आले. मी तेथे गेलो. इमारत पाहिली, थंडगार कार्यालयात चहा घेतला, भिंतीवरील नटनट्यांची छायाचित्रे पाहिली आणि ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ ही ओळ वाचून परत आलो. माझ्या शिफारशीवर पैसे दिले गेले. पुढे कळले की, चाळीस मुलांत कामाचा कॅमेरा एकच होता, शिकविणारे महिन्यागणिक बदलत होते, आणि वर्षअखेरीस मिळालेले प्रमाणपत्र मुंबईत कोणी पाहावयासही मागितले नाही. मुलगा परत आला. पण तो खचला नाही. लग्नसमारंभाच्या चित्रीकरणाचा व्यवसाय त्याने येथेच जालन्यात उभा केला आणि मंडळाच्या कर्जाचा शेवटचा हप्ता गेल्या दिवाळीत फेडला. आज या समारंभाचे चित्रीकरण तोच करीत आहे, व ही हकीकत मी त्याच्या संमतीनेच सांगत आहे. तो मला एकदा म्हणाला, “गुरुजी, तुम्ही इमारत पाहिली, पण तिथल्या मुलांनी केलेले चित्रपट मागितले नाहीत.” हे वाक्य माझ्या मनात कायमचे घर करून राहिले आहे.

बंधूंनो, प्रथम ‘सिनेमा हा काही शिकण्याचा विषय आहे काय?’ या शंकेचा विचार करू. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला तेव्हा देशात चित्रपटाची शाळा नव्हती हे खरे. पण ते अशिक्षित हाताने त्या कामात पडले नव्हते. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय व बडोद्याचे कलाभवन या दोन ठिकाणी त्यांचे शिक्षण झाले होते. छायाचित्रण व मुद्रण हे व्यवसाय त्यांनी केले होते. आणि एवढे होऊनही १९१२ साली ते चित्रपटाचे तंत्र पाहण्यासाठी विलायतेस गेले. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल आणि शांताराम हे पडेल ते काम करीत शिकले. १९२९ साली या मंडळींनी आपल्या सहकाऱ्यांसह ‘प्रभात’ काढली, १९३३ साली ती पुण्यास नेली, आणि त्यांच्या ‘संत तुकाराम’ची वाखाणणी व्हेनिसच्या महोत्सवात झाली. म्हणजे शाळा नव्हती तेव्हा कारखाना हीच शाळा होती. प्रभात बंद पडल्यावर त्याच जागेत १९६० साली भारत सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था सुरू केली. आज आपण तिला एफटीआयआय म्हणून ओळखतो.

आपल्याच जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान. त्यांच्या दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास आहे. अक्षर कसे काढावे, ओळी कशा सोडाव्यात, कागद, शाई व लेखण्या कशा सिद्ध कराव्यात याचा बारकाईने विचार त्यात आहे. ज्या संताला परमार्थ सांगावयाचा होता त्याला लेखणी तासण्याची विद्या हलकी वाटली नाही. मग ध्वनी टिपण्याची वा प्रकाश योजण्याची विद्या आपण हलकी का मानावी?

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. ‘देऊन टाका’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, चित्रपटाचे शिक्षण आणि चित्रपटातील उपजीविका यांत सरळ रस्ता नाही. इंजिनिअरिंगच्या मुलास नेमणुकीचे पत्र मिळते. या धंद्यात बहुधा ते मिळत नाही. येथे काम दिवसावर किंवा चित्रपटावर मिळते. एक काम संपले की दुसरे शोधावे लागते, आणि ते बहुतेक ओळखीतून येते. ज्याचा काका मुंबईच्या स्टुडिओत आहे त्याला शाळेवाचूनही चालते. आपल्या अंबड-मंठ्याच्या मुलाला तेथे कोण विचारणार?

शाळेचा खरा उपयोग येथेच आहे. जो मुलगा तीन वर्षे छायालेखन शिकतो त्याच्या शेजारी दिग्दर्शन, संकलन, ध्वनी शिकणारे सोबती असतात. ते एकमेकांच्या चित्रपटांवर रात्री जागवितात व पुढे वीस-पंचवीस वर्षे एकमेकांना कामास बोलावितात. आपण येथे ज्ञातीच्या नात्याने जमलो आहोत. गाव सोडून गेलेल्या मुलास वसतिगृह, ओळख, आधार मिळावा म्हणून आपल्या पूर्वजांनी ही मंडळे काढली. चित्रपटव्यवसायात जन्माची ज्ञाती पुरी पडत नाही. तेथे सहाध्यायांची नवी ज्ञाती मिळवावी लागते, आणि चांगली शाळा ती मिळवून देते. वाईट शाळा फक्त पावती देते.

तर मग चांगली शाळा ओळखावी कशी? गेल्या सात वर्षांत मी जे विचारून, पाहून जमविले ते क्रमाने मांडतो.

पहिली गोष्ट, ‘सिनेमात जायचे आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. दिग्दर्शन, पटकथालेखन, छायालेखन, संकलन, ध्वनी, कलादिग्दर्शन, अभिनय, निर्मितिव्यवस्था हे निरनिराळे व्यवसाय आहेत. दिग्दर्शकास पहिले स्वतंत्र काम मिळण्यास पुष्कळ वर्षे लागू शकतात. संकलक आणि ध्वनितंत्रज्ञ यांना मालिका, जाहिराती, माहितीपट यांतूनही काम मिळते. मुलाने प्रथम व्यवसाय ठरवावा, मग त्या व्यवसायाची शाळा शोधावी. केवळ अभिनयच शिकावयाचा असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयाचा किंवा जवळच छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील नाट्यशास्त्र विभागाचा विचार आधी करावा.

दुसरी गोष्ट, विद्यार्थ्यांनी केलेले चित्रपट पाहण्यास मागावेत. एका विद्यार्थ्यास किती चित्रपट करण्यास मिळतात, त्यांचा खर्च कोण सोसतो, आणि यंत्रसामग्री किती जणांत वाटली जाते, हे विचारावे. २०२४ साली कान महोत्सवाच्या विद्यार्थी-विभागात पहिले पारितोषिक चिदानंद नाईक या विद्यार्थ्याच्या कन्नड लघुपटास मिळाले. तो त्याने एफटीआयआयच्या दूरचित्रवाणी शाखेतील एक वर्षाच्या अभ्यासक्रमात केला होता, आणि त्यापूर्वी त्याने वैद्यकाची पदवी घेतली होती. अभ्यासक्रम किती वर्षांचा, यापेक्षा त्यात हातून काम किती होते, हे महत्त्वाचे.

तिसरी गोष्ट, पुस्तिकेत ज्यांची छायाचित्रे आहेत त्यांना सोडून, पाच वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या इतर चार-पाच जणांचा पत्ता काढावा व ते आज काय करतात ते त्यांच्याच तोंडून ऐकावे. चित्रपटाच्या शेवटी जी नामावली धावते ती आपण उठून जाण्याच्या घाईत वाचत नाही. शाळेची खरी गुणपत्रिका तेथे छापलेली असते. ऑस्कर मिळविणारे ध्वनियोजक रसूल पूकुट्टी आणि मराठीत ‘वळू’ करणारे उमेश कुलकर्णी हे दोघेही पुण्याच्या संस्थेत शिकलेले आहेत.

चौथी गोष्ट पैशाची. सरकारी संस्थांत प्रमुख दोन आहेत : पुण्याची आणि १९९५ साली कलकत्त्यास निघालेली सत्यजित राय यांच्या नावाची. दोहोंतही पदवीनंतर प्रवेश-परीक्षा द्यावी लागते. तीन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमांत एकेका विषयाच्या जागा अगदी मोजक्या असतात. आणि दोघींस २०२५ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. मुंबईतील नावाजलेल्या खासगी संस्थांत प्रवेश त्या मानाने सुलभ, परंतु शुल्क पुष्कळ अधिक. शुल्कासाठी १० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांत फेडावयाचे ठरविले, तर महिन्यास सुमारे १३,२०० रुपये हप्ता पडतो व एकंदर पावणेसोळा लाखांहून अधिक भरावे लागतात. ज्या धंद्यात पहिली दोन वर्षे मिळकतीचा भरवसा नाही, त्यात असा हप्ता डोक्यावर घेऊन उतरणारा मुलगा काम शिकण्याऐवजी मिळेल ते पत्करतो आणि शेवटी गावी परततो. म्हणून शुल्काइतकाच मुंबईतील राहण्याचा विचार आधी करावा.

पाचवी गोष्ट, जो नोकरीची हमी देतो त्यापासून सावध असावे. या धंद्यात हमी कोणी देऊ शकत नाही. जो देतो तो एक तर धंदा जाणत नाही, किंवा आपल्याला ओळखून असतो.

आणि जागा न मिळाल्यास? तर दार बंद झाले असे मानू नये. नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्‌स महाविद्यालयात संज्ञापनाचा अभ्यास करताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला व त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ आले. जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालय होते, पण तेथे हातून चित्रपट करून घेतला गेला. उलट ‘कोर्ट’चे दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे कोणत्याच चित्रपटशाळेत गेले नाहीत. या उदाहरणांवरून शाळा अनावश्यक ठरत नाही. एवढेच ठरते की, महागडी शाळा हा एकमेव मार्ग नव्हे.

आता पुन्हा त्या कन्येच्या अर्जाकडे येतो. तिच्यापुढे दोन वाटा आहेत. एका खासगी संस्थेत आजच प्रवेश मिळत आहे, पण कर्ज मोठे होईल. दुसरी वाट पुण्या-कलकत्त्याच्या परीक्षेची. तिथे वर्षभर थांबावे लागेल व निवड होईलच असे नाही. ध्वनीच्या अभ्यासक्रमास बारावीपर्यंतचे पदार्थविज्ञान मागतात, ते तिच्यापाशी आहे. मी तिला विचारले, “बाई, थांबशील का?” ती म्हणाली, “गुरुजी, मी थांबते. पण वर्षभर थांबले म्हणजे घरात माझ्या लग्नाचे बोलणे निघेल. ते तुम्ही थांबवाल का?”

सभ्य स्त्रीपुरुषहो, या प्रश्नाचे उत्तर मी एकट्याने देऊ शकलो नाही, म्हणून तो आपणा सर्वांपुढे ठेवीत आहे. मुलांच्या बाबतीत आपण एक वर्ष ‘तयारीचे’ म्हणून आनंदाने देतो. वैद्यकाच्या परीक्षेसाठी तर दोन-दोन वर्षे देतो. तेच वर्ष मुलीने मागितले की ते वाया गेलेले का वाटावे? तिचे वडील आज सभागृहात बसले आहेत. त्यांना मी उपदेश करीत नाही. मंडळ तुमच्या पाठीशी उभे राहील एवढेच सांगतो, आणि ते खोटे ठरू नये म्हणून आपणा सर्वांस विनंती करतो.

माझी सूचना अशी. निधीच्या यादीत चित्रपटव्यवसायातील तांत्रिक शिक्षणाचा समावेश व्हावा. कोणत्याही संस्थेसाठी पैसे देण्यापूर्वी दोन सभासदांनी तेथे जाऊन वर सांगितलेले प्रश्न विचारावेत, आणि त्यांपैकी एक सभासद त्या धंद्यातला असावा. आज कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या आपल्या तरुणाचे नाव मी त्यासाठी सुचवितो. कर्जाची रक्कम दोन भागांत द्यावी, एक शिक्षणासाठी व दुसरा शिक्षणानंतरच्या पहिल्या दीड वर्षाच्या निर्वाहासाठी. आणि हप्ते त्यानंतरच सुरू व्हावेत. या कन्येस एक वर्षाची मुदत द्यावी. निवड झाली तर उत्तम. न झाल्यास खासगी संस्थेचा अर्ज याच कसोटीवर पुन्हा विचारात घ्यावा.

२०१८ साली मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र आपल्या जालन्यात आले, तेव्हा आपण पेढे वाटले. बियाण्याचे, पोलादाचे गाव विद्येचेही झाले म्हणून आपल्याला धन्यता वाटली. चित्रपटाची विद्या अद्याप आपल्या दारी आलेली नाही. तिच्यापर्यंत आपल्या लेकरांना जावे लागेल. ती जाताना आपण त्यांना अडवू नये, आणि डोळे मिटून धाडूही नये. सात वर्षांपूर्वी मी डोळे मिटून एकाला धाडले. त्याने कर्ज फेडले. माझे अद्याप फिटावयाचे आहे.