चपला काढायला सांगा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या बॅचमध्ये आशाताई आहेत, नर्स आहेत, आम्ही डॉक्टरही आहोत. ‘आपण सावळे, आपल्याला कसला त्वचेचा कॅन्सर?’ हे मी दवाखान्यातल्याच माणसांकडून जास्त ऐकतो. निम्मं खरं आहे. मेलॅनिनमुळे आपल्याकडे हा आजार ऑस्ट्रेलियाच्या मानाने फार कमी. तिथे तर १९८१ पासून सदरा, क्रीम, टोपी असा प्रचार चालू आहे.

पण सावळ्या माणसाचा मेलॅनोमा बहुतेकदा ऊन न लागणाऱ्या जागी येतो: तळपाय, तळहात, नखाखाली. तिथे क्रीमचा उपयोग नाही, नजरेचा आहे. कुरूप समजून लोक महिनोन्‌महिने मलम लावत बसतात. म्हणून बीपी बघताना पेशंटला चपला काढायला सांगा. वाढणारा काळा डाग, नखातली रुंदावत जाणारी काळी रेघ, भाजल्याच्या जुन्या व्रणावर न भरणारी जखम दिसली, तर तुकडा तपासायला पाठवा.

उन्हापासून जपायचंच आहे, आशाताईंनी तर विशेष. पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, जमल्यास भरदुपारच्या गृहभेटी टाळा. नुसत्या पदराने भागत नाही.

जेवणानंतर मी दहावी ‘अ’च्या वर्गात बसतोय. कुणाला डाग दाखवायचा असेल तर या.