दान, धोरण आणि पडताळा



लोककल्याणासाठी द्रव्य खर्च करणाऱ्या प्रत्येकापुढे, मग ते शासन असो वा सेवाभावी संस्था, एक जुना प्रश्न उभा असतो : दिलेला पैसा खरोखर कारणी लागला काय? अर्थशास्त्र याचे उत्तर दीर्घकाळ तर्काने देत असे. गेल्या तीन दशकांत मात्र या शास्त्राने औषधांच्या चाचणीची पद्धत स्वीकारली. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे काही गावे निवडून तेथे योजना राबवावयाची, उरलेली तुलनेसाठी ठेवावयाची आणि फरक मोजावयाचा. या कार्याबद्दल मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी, तसेच एस्थर डुफ्लो व मायकेल क्रेमर यांना 2019 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याचे उदाहरण बोलके आहे. सेवा मंदिर या संस्थेच्या साहाय्याने 134 गावांत बालकांच्या लसीकरणाचा अभ्यास झाला. तुलनेच्या गावांत 1 ते 3 वर्षांच्या मुलांपैकी केवळ 6 टक्क्यांचे लसीकरण पूर्ण झालेले आढळले. जेथे दरमहा ठरल्या दिवशी शिबिर न चुकता भरले, तेथे हे प्रमाण 18 टक्के झाले. जेथे शिबिराबरोबर प्रत्येक लशीमागे एक किलो डाळ आणि शेवटी ताटांचा संच दिला गेला, तेथे ते 39 टक्क्यांवर पोहोचले.

डाळ देणे म्हणजे आमिषच, असा आक्षेप घेतला जातो. परंतु हिशेब वेगळेच सांगतो. एका बालकाच्या संपूर्ण लसीकरणाचा खर्च डाळीविना 2202 रुपये, तर डाळीसह 1102 रुपये आला. व्यापाऱ्यास यात नवल वाटू नये. दुकानाचे भाडे आणि नोकरांचा पगार गिऱ्हाईक आले नाही तरी द्यावाच लागतो. परिचारिका दिवसभर बसणारच. मुले अधिक आली की प्रत्येकामागील खर्च घटतो.

फुकट मिळालेल्या वस्तूची कदर नसते, हाही सर्वमान्य समज. केनियात गर्भवती स्त्रियांना मलेरियापासून रक्षण करणाऱ्या मच्छरदाण्या देताना तो तपासला गेला. किंमत शून्यावरून 60 अमेरिकी सेंट होताच घेणाऱ्यांचे प्रमाण तब्बल 60 टक्के-बिंदूंनी घसरले. आणि पैसे मोजून घेणाऱ्यांनी मच्छरदाणी अधिक वापरल्याचेही दिसले नाही.

तथापि, प्रत्येक प्रयोग यशस्वी झाला असे नव्हे. उदयपूरमध्येच सरकारी परिचारिकांच्या हजेरीवर तारीख-वेळ नोंदविणाऱ्या यंत्रांनी देखरेख ठेवली गेली. आरंभी हजेरी सुधारली. पुढे स्थानिक प्रशासनाने 'सवलतीचे दिवस' उदारपणे मंजूर केले आणि सुमारे दीड वर्षात योजना निष्प्रभ ठरली. यंत्र चोख होते. शिस्त पाळण्याची इच्छा नव्हती.

एका जिल्ह्याचा निष्कर्ष सर्वत्र जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. डाळ देऊनही उदयपुरात 61 टक्के मुले अपुरी संरक्षित राहिली, हेही विसरता कामा नये. बोध इतकाच की गरीब माता बेफिकीर नसते; बंद दाराशी गेलेला तिचा हेलपाटा आणि बुडालेली मजुरी तिला आज जाणवते, लशीचा लाभ मात्र दूरचा असतो. ते अंतर कमी करणे हे धोरणकर्त्याचे आणि दात्याचे कर्तव्य होय.

किती दिले, याची नोंद प्रत्येक खतावणीत असते. त्यातून काय साधले, यासाठीही एक रकाना असावा. तो भरण्याचे धैर्य ज्या संस्थेत आहे, तिचे दान सत्कारणी लागते.