'सर्वात हुशार' म्हणजे कुणात हुशार?

(वस्तीतल्या अभ्यासिकांमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या तरुण स्वयंसेवकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, व्याकरणाचा पंडित नाही. तुमच्यासारखाच सुट्टीच्या दिवशी इंग्रजी शिकवतो. आज दोनच गोष्टींवर बोलणार आहे. शाळेत रोज लागणारे इंग्रजी शब्द कसे शिकवायचे, आणि टॉलेस्ट, बेस्ट, मोस्ट इम्पॉर्टंट ही 'सर्वात' सांगणारी रूपं कशी शिकवायची. विषय साधा वाटतो, पण त्यात मुलांचं बरंच काही अडकलेलं असतं.

महाराष्ट्रात २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी मराठी आणि उर्दू शाळांत एबीसीडी पाचवीत भेटायची. आज आपल्याकडे येणाऱ्या मुलांचे अनेक आईवडील त्या जुन्या व्यवस्थेत शिकले, काहींची शाळा मधेच सुटली. आता मूल इंग्रजी माध्यमात आहे आणि शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर इंग्रजीत सूचना येतात. शिष्यवृत्तीच्या फॉर्मसोबत बोनाफाईड जोडा, पालकसभेला या, रजेचा अर्ज द्या. आईला सूचना कळली नाही तर फॉर्मची तारीख निघून जाते. म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की शाळेचे शब्द मुलांना शिकवाल तेव्हा आयांनाही बोलवा. अटेंडन्स, अॅब्सेंट, लीव्ह अॅप्लिकेशन, फी रिसीट, टाइमटेबल, रिझल्ट, लिव्हिंग सर्टिफिकेट असे वीस-पंचवीस शब्द पुरतात. यातल्या 'लिव्हिंग'चं स्पेलिंग जरूर लिहून घ्या. जगणं आणि सोडणं हे दोन शब्द आपण सारखेच उच्चारतो, त्यामुळे अर्जात शाळा सोडल्याच्या दाखल्याचा जिवंत असल्याचा दाखला होतो.

शब्द शिकवताना घरातल्या भाषांचा आधार घ्या. उर्दू माध्यमातल्या मुलाला मराठी परकी वाटते आणि इंग्रजी तर फारच लांबची. त्याला सांगा, मराठी शाळेतली 'हजेरी' म्हणजे तुझं 'हाजिर'च. 'दप्तर' फारसीतून आलं. उर्दूत दफ्तर म्हणजे ऑफिस, मराठीत ते पाठीवर बसलं. 'कागद', 'शाई', 'दौत' हेही त्याच वाटेने आले. आणि 'नापास' बघा, फारसी 'ना'ला इंग्रजी 'पास' चिकटवून आपण तो घडवला. हे ऐकल्यावर मूल नव्या शब्दाला बिचकत नाही. शब्द एका भाषेतून दुसरीत येतच असतात, हे त्याला कळतं.

काही शब्दांबाबत मात्र सावध करा. आपण 'पास आउट झालो' म्हणतो ते पदवी मिळाली या अर्थाने. भारताबाहेर त्याचा अर्थ बेशुद्ध पडलो असा होतो. आपली 'ट्यूशन' म्हणजे शिकवणी, अमेरिकेत तोच शब्द कॉलेजच्या फीसाठी वापरतात. इंग्लंडमधलं 'पब्लिक स्कूल' हे भरमसाट फीचं खासगी विद्यालय असतं. आपला वापर चूक आहे असं मुलांना सांगू नका. कुठे कोणता अर्थ चालतो, एवढंच सांगा.

आता 'सर्वात'कडे येऊ. मराठीत हे काम सोपं आहे. उंच, त्यापेक्षा उंच, सर्वात उंच. 'उंच' हा शब्द जागचा हलत नाही. इंग्रजीत शब्दच बदलतो. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. मुलांच्या चुका नेमक्या इथेच होतात, आणि त्या चुकांना कारणं असतात. घरी 'मुझसे लंबा' बोलणारं मूल 'टॉलर फ्रॉम मी' म्हणतं, कारण 'से'चं त्याने 'फ्रॉम' केलेलं असतं. त्याला मराठीतला 'पेक्षा' दाखवा, म्हणजे 'दॅन' लवकर पटतो. 'द' गळतो, कारण मराठीत आणि उर्दूत तसा शब्दच नाही. 'मोस्ट बिगेस्ट' येतं, कारण जोर द्यायला दोन्ही लावावेसे वाटतात.

नियम शिकवताना मी प्रोग्रॅमचा क्रम वापरतो. आधी अपवाद तपासायचे. गुडचं बेस्ट, बॅडचं वर्स्ट, लिटलचं लीस्ट. त्यात शब्द नसेल तर बघायचं, तो लहान आहे का? मग 'एस्ट'. शेवटी वाय असेल तर त्याचा आय, म्हणजे हॅपीचं हॅपिएस्ट. बिग, हॉट अशा शब्दांत शेवटचं अक्षर दोनदा. शब्द लांब असेल तर आधी 'मोस्ट'. मुलांना एकदम चार नियम दिले की गोंधळ होतो. एकामागून एक प्रश्न विचारले की त्यांचं तेच उत्तरापर्यंत पोहोचतात.

मोठ्या मुलांना एक गंमत सांगा. संस्कृतातून मराठीत आलेले ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ हे शब्द आहेत ना, त्यातला 'इष्ठ' आणि इंग्रजीतला 'एस्ट' एकाच मूळ प्रत्ययातून आले आहेत. याउलट उर्दूतलं 'बेहतर' आणि इंग्रजीतलं 'बेटर' जुळे भाऊ वाटतात, पण ते साम्य निव्वळ योगायोगाचं आहे. दिसण्यावरून नातं ठरवू नये, हा धडा भाषेबाहेरही उपयोगी पडतो.

आता मुख्य मुद्दा. हा पाठ शिकवताना सर्रास काय होतं? मुलांना ओळीत उभं करतात. हू इज द टॉलेस्ट? हू इज द फॅटेस्ट? मग रंगावर जातात. वर्ग हसतो, एक मूल हसत नाही. कृपा करून हे करू नका. वस्तू घ्या. सर्वात जड दप्तर कोणाचं, ते काट्यावर ठेवून बघा. सर्वात लहान पेन्सिल कोणती, पट्टीने मोजा. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कोणतं? कळसूबाई, १६४६ मीटर. वाक्यं तीच तयार होतात आणि कुणाचा चेहरा पडत नाही.

कॉम्प्युटरला यादीतलं सर्वात मोठं काय असं विचारलं, तर त्याला दोन गोष्टी लागतात. कोणती यादी, आणि कोणत्या मापाने. इंग्रजी व्याकरणही तेच मागतं. बेस्ट म्हटलं की 'इन द क्लास' की 'ऑफ द थ्री', हे सांगावं लागतं. म्हणून 'हा वर्गातला सर्वात ढ' असं कुणी म्हटलं, तर मुलांना विचारायला शिकवा, कशात? गणितात? या एका चाचणीत? दहावीआधी शाळा सोडणाऱ्या कितीतरी मुलांनी हे विशेषण वर्षानुवर्षं ऐकलेलं असतं. ते कशाच्या मापाने लागलं, हे कुणी विचारलेलं नसतं.

हाच प्रश्न समाजाबद्दलही विचारायचा. इंग्रजीत 'द मोस्ट' म्हणजे सर्वात जास्त आणि नुसतं 'मोस्ट' म्हणजे बहुतेक. 'मोस्ट मुस्लिम चिल्ड्रन स्टडी इन मदरसाज' हे वाक्य फळ्यावर लिहा आणि विचारा, खरं की खोटं? व्याकरण बरोबर आहे, माहिती चूक आहे. सच्चर समितीने २००६च्या अहवालात दाखवलं की शाळेच्या वयातली तीन ते चार टक्केच मुस्लिम मुलं मदरशात शिकतात. एवढ्या मुलांना 'मोस्ट' म्हणता येत नाही. तसंच आपणही आपल्याबद्दल बोलताना, मग ती तक्रार असो की अभिमान, 'सर्वात' वापरण्याआधी आकडा शोधावा. आकडा हाती नसेल तर 'वन ऑफ द' ही सोय इंग्रजीत आहे. 'सर्वांपैकी एक' म्हणण्यात कमीपणा नाही.

पुढच्या वर्गासाठी एवढंच करा. आयांसाठी शाळेच्या शब्दांचा एक तक्ता भिंतीवर लावा. मोजपट्टी आणि वजनकाटा घेऊन या. आणि प्रत्येक 'एस्ट'ला 'कुणात?' आणि 'कशात?' हे दोन प्रश्न विचारायची सवय मुलांना लावा. इंग्रजी येईलच. त्यासोबत कुणी लावलेलं लेबल तपासून बघायची हिंमतही येईल.