भाकरीच्या लढ्यातून स्वातंत्र्याच्या लढ्याकडे

(वार्षिक स्नेहसंमेलनानिमित्त भरलेल्या महिला सभेतील व्याख्यान)



एखाद्या थोर स्त्रीच्या चरित्रावर चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाची मला आज्ञा झाली. थोर स्त्रिया म्हटल्या की राण्या, संत-कवयित्री आणि विदुषी यांची नावे आपल्या ओठांवर येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु मी आज जिच्याविषयी बोलणार आहे, ती फ्रान्समधील एक गिरणीकामगार स्त्री होती. तिचे नाव मार्था देरूमो. गिरणीचा भोंगा हेच ज्यांच्या घरचे एके काळी घड्याळ होते, अशी कुटुंबे आपल्या ज्ञातीत थोडी नाहीत. त्यांना हे चरित्र परके वाटू नये.

मार्थाबाईंचा जन्म १८९७ साली बेल्जमच्या सीमेवरील कोमीन या गावी झाला. वडील अकाली वारले आणि वयाच्या नवव्या वर्षी या मुलीला परक्या घरी मोलकरीण म्हणून राहावे लागले. तेथून निघून त्या कापडधंद्यातील कारखान्यात शिरल्या आणि तेराव्या वर्षी कामगार संघटनेच्या सभासद झाल्या. पहिल्या महायुद्धात सीमेवरील लोकांना गाव सोडावे लागले, तेव्हा त्या ल्यों शहराकडे गेल्या. तेथे १९१७ साली, विशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी संपाचे नेतृत्व केले व तो यशस्वी करून दाखविला. आश्चर्य हे, की तोवर त्यांना लिहितावाचता येत नव्हते! अक्षरओळख त्यांनी पुढे, चळवळीचे काम करता करता, करून घेतली.

पुढील वीस वर्षे त्यांनी उत्तर फ्रान्समधील कापडगिरण्यांत संघटनेचे काम केले. १९२५ साली त्या कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीवर निवडल्या गेल्या. त्यांची राजकीय मते आपल्यापैकी सर्वांना मान्य होतील असे नाही. त्यांच्या निष्ठेविषयी मात्र दुमत होऊ नये. आलुएं गावी १९२८-२९ साली विणकरांचा जो सात महिन्यांचा संप झाला, त्यात त्या होत्या. १९३३ साली बेकारांचा मोर्चा लील शहराहून पॅरिसपर्यंत पायी गेला, त्याच्या संघटकांतही त्या होत्या.

जून १९३६ मध्ये फ्रान्सभर संप पसरले आणि पॅरिसच्या मातिन्यों प्रासादात सरकार, मालक व कामगार यांची बोलणी झाली. कामगारांच्या शिष्टमंडळात एकच स्त्री होती, ती मार्थाबाई. उत्तरेकडील गिरण्यांत बायकांच्या हाती काय मजुरी पडते, हे त्यांनी पगाराच्या चिठ्ठ्यांवरूनच दाखवून दिले. त्या करारान्वये ७ ते १५ टक्के वेतनवाढ मान्य झाली. राष्ट्राच्या कामगारांचे भवितव्य ठरविण्यास बसलेल्या या बाईंना त्या वेळी स्वतःच्या देशात मताचा अधिकार नव्हता! फ्रेंच स्त्रियांना तो १९४४ साली मिळाला.

१९४० साली फ्रान्सचा पाडाव झाला. नोर आणि पा-द-कॅले हे उत्तरेकडील दोन जिल्हे ब्रुसेल्स येथील जर्मन सेनाधिकाऱ्यांच्या अमलाखाली आले. तेथील कोळसा जर्मनीला हवा होता. खाणकामगारांना मात्र पोटभर अन्न मिळेना, अंगावरची काजळी धुण्यास साबणही मिळेना, आणि त्यातच कामाचा जाच वाढला. मार्थाबाई भूमिगत राहून जुन्या सहकाऱ्यांना पुन्हा एकत्र करीत होत्या. २७ मे १९४१ रोजी दाहोमे नावाच्या खाणीत काम थांबले आणि हां हां म्हणता सुमारे एक लाख खाणकामगार संपावर गेले. या संपाच्या प्रमुख संघटकांत मार्थाबाईंची गणना होते. खाणकामगारांच्या बायका रस्त्यावर उतरल्या व कामावर जाणाऱ्यांची वाट अडवून उभ्या राहिल्या. त्यांच्यात पुढे असलेल्या एमिलिएन मोप्ती यांचा १९४३ साली जर्मनीत कोलोन येथे शिरच्छेद करण्यात आला.

कोणी विचारील, भाकरी आणि साबण यांसाठी केलेल्या संपाला स्वातंत्र्ययुद्ध कसे म्हणावे? याचे उत्तर जर्मनांच्या वर्तनातच आहे. कोळसा थांबला की युद्धयंत्र अडते, हे ते पुरते ओळखून होते. म्हणूनच त्यांनी शेकडो माणसांना पकडले आणि दोनशेंहून अधिक खाणकामगारांना साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत धाडले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संप मिटला, तेव्हा अन्नसाबणाचा जादा पुरवठा व वेतनवाढ द्यावीच लागली. जर्मनीने रशियावर स्वारी केली ती त्यानंतर, २२ जून रोजी. म्हणजे हे कामगार दुसऱ्या कोणत्या राष्ट्राच्या इशाऱ्याची वाट पाहत बसले नव्हते.

ऑगस्ट १९४१ मध्ये मार्थाबाई पकडल्या गेल्या आणि १९४२ साली त्यांना रावेन्सब्रूक येथील स्त्रियांच्या छावणीत नेण्यात आले. तेथेही त्यांनी आपला धर्म सोडला नाही. कैदी स्त्रियांत परस्पर साहाय्याची गुप्त साखळी बांधण्यात त्यांचा हात होता. एप्रिल १९४५ मध्ये रेडक्रॉसच्या द्वारे त्यांची सुटका झाली. मायदेशी परतल्यावर त्यांनी पुन्हा कामगारांचे काम हाती घेतले. १९८२ साली त्या निवर्तल्या.

भगिनींनो, या चरित्राचे मर्म मला असे वाटते. १९४१ साली एक लाख माणसे एका हाकेने उठली, पण ती हाक एका दिवसात तयार झाली नव्हती. वर्गणी गोळा करणे, सभेची वर्दी घरोघर पोहोचविणे, आजाऱ्याची विचारपूस करणे, ही वरकरणी क्षुल्लक कामे तीस वर्षे चालली होती. कोणावर विसंबावे आणि कोणाचे दार रात्री ठोठवावे, हे ज्ञान त्यांतूनच आले. संकट आल्यावर संघटना बांधू म्हटले तर ती बांधता येत नाही.

आपल्या मंडळातही अशी कामे पुष्कळदा बायकाच करतात. अहवालात मात्र त्यांची नावे क्वचितच दिसतात. मार्थाबाईंचे नावही असेच फार काळ मागे राहिले. तेव्हा माझी एक नम्र विनंती आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील एका कष्टकरी आजीची वा पणजीची हकिगत, ती कोठे कामाला होती आणि तिने कोणाला हात दिला यासह, लिहून पाठवावी. ज्यांना लिहिणे जमणार नाही, त्यांनी आपल्या मुलींकडून लिहवून घ्यावी.