आधी हात, मग हत्यार
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत पाककृती, बालसंगोपन, बचत असले विषय आपण दरसाल ऐकतो. यंदा भाषण पिस्तुलावर आहे हे वाचून काही जणींच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु विषय घरचाच आहे. आपल्या वैरागातल्या मुलीही आता नेमबाजी शिकू म्हणतात. मुलीने हट्ट धरला की घरात चर्चा सुरू होते. काका म्हणतात, घ्यायचे तर मोठ्या नळीचे घ्या. मामा म्हणतात, परदेशी घ्या. दुकानदार सर्वांत महाग ते पुढे करतो. ज्या पोरीच्या हातात ते जायचे, तिला मात्र कोणी विचारीत नाही. अशा घाईने घेतलेले जड हत्यार चार महिन्यांत कपाटात जाते आणि 'मुलींना हे जमत नाही' असा ठपका मात्र पोरीवर कायमचा बसतो. तो बसू नये म्हणून आज हे चार शब्द.

प्रथम एक गैरसमज दूर करू. स्पर्धेचे पिस्तूल हे स्वसंरक्षणाचे शस्त्र नव्हे. ते तंबोऱ्यासारखे एकाच कामासाठी जुळवलेले यंत्र आहे. हा खेळ आपल्याला परका आहे असेही नाही. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही होतकरू नेमबाजांची पहिली मोठी पायरी समजली जाते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला रायफलीत जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात पिस्तुलाचे सुवर्ण मिळवले. पुढे २०१८ च्या आशियाई खेळांत गुण बरोबरीत सुटल्यावर जादा फेरीत त्यांनी सुवर्ण जिंकले. आशियाई खेळांत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. कोल्हापूर आपल्याहून फार दूर नाही, भगिनींनो.

आता मुद्द्याकडे वळू. पिस्तूल निवडताना पहिला प्रश्न 'कोणते चांगले?' हा नसून 'कोणत्या गटात खेळायचे?' हा आहे. गट ठरला की नळीचे माप आपोआप ठरते.

पहिला गट १० मीटर एअर पिस्तुलाचा. यात दारू नसते. दाबलेल्या हवेने ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुटतो. पिस्तुलाचे वजन दीड किलोपेक्षा जास्त चालत नाही आणि चापावरचा दाब ५०० ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही. सव्वा तासात ६० नेम, तेही उभ्याने आणि एका हाताने. पूर्वी स्त्रियांना ४० च नेम असत. २०१८ पासून पुरुषांइतकेच ६० झाले. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे असते.

दुसरा गट स्त्रियांच्या २५ मीटर पिस्तुलाचा, म्हणजे राहीबाईंचा. येथे पॉइंट बावीसचे काडतूस लागते. चापाचा दाब किमान १ किलो, वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम. पहिले ३० नेम सावकाश, पाच मिनिटांत पाच. उरलेले ३० घाईचे: लक्ष्य तीन सेकंद दिसते, सात सेकंद लपते, आणि दर खेपेस हात खाली नेऊन पुन्हा उचलावा लागतो.

तिसरा सेंटर फायरचा गट जागतिक स्पर्धांत पुरुषांचा आहे. त्यात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतची नळी चालते; पुष्कळ नेमबाज पॉइंट बत्तीस वापरतात. काकांची 'मोठी नळी' ती हीच. आपल्या मुलीच्या गटात ती चालतच नाही, मग घेऊन करायचे काय?

परदेशांत धावत-फिरत नेम मारण्याच्या स्पर्धाही होतात. तेथे गोळीचे ग्रेनमधले वजन आणि सेकंदाला फुटांतला वेग यांचा गुणाकार करून हजाराने भागतात. १२४ ग्रेनची गोळी १०५० फुटांनी गेली तर अंक १३० येतो; किमान १२५ लागतो. त्यांच्या 'प्रॉडक्शन' गटात याहून जोरदार काडतूस वापरले तरी एकही गुण जास्त मिळत नाही. झटका तेवढा वाढतो आणि पुढचा नेम उशिरा लागतो. म्हणून तेथे बहुतेक जण ९ मिलिमीटरवर समाधानी असतात. तात्पर्य तेच: गट आधी, नळी नंतर, आणि हौस सर्वांत शेवटी.

यानंतर हात. बांगडी कधी दुसरीच्या मापाने भरतात का? तसेच पिस्तुलाच्या मुठीचे आहे. मूठ धरल्यावर तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग सहज चापावर यावा. बोट ओढून-ताणून पोचत असेल तर चाप सरळ मागे येत नाही, नळी बाजूला ढळते. लहान हातांसाठी लहान मुठी मिळतात, डावखुऱ्यांसाठी निराळ्या. नेमाचा डोळा कोणता हेही पाहावे. दोन्ही हातांच्या खिडकीतून भिंतीवरचे घड्याळ पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याने घड्याळ जागेवर राहते, तो नेमाचा डोळा. हे आताच बसल्या जागी करून पाहिलेत तरी हरकत नाही.

वजनाचेही तसेच. पहिल्या नेमाला हलके वाटणारे पिस्तूल साठाव्या नेमाला जड होते. मुलीने ते हात ताणून, पुन्हा पुन्हा उचलून पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत. दुरुस्ती कोठे होते तेही विचारावे. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांच्या पिस्तुलात ऐन फेरीत बिघाड झाला. दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्याच मनूने २०२४ साली पॅरिसमध्ये दोन कांस्यपदके मिळवली. यंत्र बिघडते, मुलगी खचली नाही, हे महत्त्वाचे.

आता पैसा आणि कायदा. स्पर्धेचे परदेशी एअर पिस्तूल लाखाच्या पुढे जाते. ते पहिल्या दिवशी घेण्याची गरज नाही. शिकवणाऱ्या क्लबात बहुधा वापरायला पिस्तूल मिळते. वर्षभर त्यावर शिकावे, हात कळू द्यावा, मग खरेदी. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा अधिक जोर नसलेल्या हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही. पॉइंट बावीसला मात्र परवाना लागतो. परवाना असो वा नसो, नियम एकच: नळी सदैव लक्ष्याकडे, नेम धरल्यावाचून बोट चापावर नाही, आणि घरी आल्यावर हत्यार कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात. चुलीतल्या विस्तवाला आपण जपतो, तितकेच याला जपावे.

म्हणून माझे सांगणे असे की, आपल्या वैरागच्या मुलीने प्रारंभ हवेच्या पिस्तुलानेच करावा. आवाज कमी, झटका जवळजवळ नाही, खर्च आटोक्यात, आणि नेमाचे सारे शिक्षण त्यातच होते. पुढे पॉइंट बावीसकडे जायचे की नाही ते तिचे गुण आणि तिचा हात ठरवील.

आणि मंडळाकडे एक मागणे. पिस्तूल विकत घेऊन देणे आपल्या ऐपतीबाहेरचे आहे, हे मी जाणते. पण शिकण्यासाठी जाणाऱ्या मुलीचे एस्टीचे भाडे आणि तिच्यासोबत जाणारी एक वडीलधारी बाई, एवढे आपण देऊ शकतो. पुष्कळ घरांत मुलगी अडते ती पैशापेक्षा 'सोबत कोण जाणार?' या प्रश्नावर. त्याचे उत्तर या सभेत मिळाले, तर वर्धापनदिन साजरा झाला असे मी समजेन.