मधुमेह, रक्तक्षय आणि डोळ्यांची राखण



मोहर्ली येथील ज्युबिलीच्या ह्या आनंदप्रसंगीं आम्ही दुखण्याविषयीं बोलतों, हें कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु ताडोबाच्या रानालगत राहणाऱ्यांस दृष्टीचें मोल सांगावयास नको. भल्या पहाटे मोहफुलें वेंचावयास जाणाऱ्या माउलीची अर्धी राखण तिचे डोळेच करितात.

मधुमेहांत वाढलेल्या साखरेमुळें नेत्रपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या झिजतात. कांहीं पाझरतात, कांहीं बुजतात. तेथें प्राणवायूची टंचाई असतां रक्तक्षयही जडला, तर ती अधिकच वाढते. मग नेत्रपटलावर नव्या, नाजूक वाहिन्या उगवतात, आणि त्या फुटल्या म्हणजे दृष्टि धोक्यांत येते. फिनलंड देशांतील 1997 सालच्या एका अभ्यासांत, हिमोग्लोबिन 12 ग्रॅमहून कमी असलेल्या मधुमेहींत ह्या नेत्रविकाराचा संभव सुमारें दुप्पट दिसला. तेवढ्यावरून रक्तक्षय हेंच कारण ठरत नाहीं. परंतु सावध होण्यास तें पुरेसें आहे.

आपल्या विदर्भांत आणखी एक गोष्ट ध्यानीं धरावी. येथील कित्येक घराण्यांत सिकलसेलचा दोष वंशपरंपरेनें चालत आला आहे. ह्या रोगांत तांबड्या पेशी लवकर नाश पावतात. त्यामुळें तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी खऱ्याहून कमी आकडा दाखवूं शकते, आणि रोगी निर्धास्त राहतो. उलट, लोहाच्या उणिवेनें तोच आकडा फुगूं शकतो. म्हणून घरांत सिकलसेल असल्यास तें डॉक्टरांस आधीं सांगावें.

मधुमेह असलेल्यानें वर्षांतून एकदां बाहुली मोठी करणारें औषध घालून डोळे तपासून घ्यावे. नीट दिसतें, म्हणून थांबूं नये; हा विकार आरंभीं दुखत नाहीं व दृष्टिही मंद करीत नाहीं. त्याच वेळीं हिमोग्लोबिनही पाहावें. थकवा, धाप व फिकेपणा हा केवळ वयाचा दोष समजूं नये. रक्त कमी निघाल्यास कारण शोधावें: लोहाची उणीव, सिकलसेल, बिघडलेलीं मूत्रपिंडें, किंवा मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-12 ची उणीव. मनानेंच लोहाच्या गोळ्या घेऊं नयेत.

चंद्रपुरास जावयाचें तर दिवस मोडतो, मजुरी बुडते, हें आम्हांस ठाऊक आहे. तथापि बुडालेली मजुरी पुन्हां मिळते, गेलेली दृष्टि बहुधा मिळत नाहीं. तेव्हां घरांतील वडील माणसांस एकटें धाडूं नका. औषधानें डोळे कांहीं तास अंधुक राहतात. सोबत जा, व हात धरून परत आणा.