विकाऊ घर

भाच्याकडे इंग्लंडला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. तो घर घेण्याच्या विचारात होता. भर गावातलं एक लाल विटांचं घर बघायला मलाही घेऊन गेला. सातवा एडवर्ड राजा १९०१ ते १९१० गादीवर होता, त्या काळातलं घर. जाहिरातीत लिहिलं होतं : ‘संपूर्ण नूतनीकरण, चार बेडरूम.’

दाराला रंगीत काच, पायाखाली नक्षीच्या फरशा, खोल्यांतून शेकोट्या, सगळं जपलेलं. शेकोट्या मात्र विझलेल्या. माळ्यावरच्या मोलकरणीच्या खोलीत आता कॉम्प्युटर होता.

रात्री भाच्यानं १९११च्या जनगणनेतला त्या घराचा कागद काढून दाखवला. तेव्हाच्या घरमालकानं स्वतःच्या हातानं भरलेला. खोल्या किती, हा प्रश्न त्यातही होता. पण आणखी एक होता : लग्न झालेल्या बाईला मुलं किती झाली, किती हयात, किती गेली? या घरातल्या बाईच्या नावापुढे आकडे होते : सहा, चार, दोन.

मी गप्प झालो. आमच्या अम्माचीही दोन गेली होती. कोकणातलं घर आम्ही भावंडांनी विकलं, तेव्हा खरेदीखतात चतुःसीमा आल्या, आंब्याची झाडंही मोजली गेली. ती दोघं कुठंच आली नाहीत.

‘‘मामू, घेऊ का?’’ भाच्यानं विचारलं.

म्हटलं, ‘‘घे. पण हा कागद छापून घराच्या कागदपत्रांत ठेव. कधी विकलंस, तर पुढच्याच्या हाती दे.’’